मंगळवार

हापसालूच्या इस्पितळात, समुद्राकडे तोंड केलेल्या खोलीत
माझ्या नवऱ्याकडे एकच शब्द उरला: मंगळवार.
पाणी म्हणजे मंगळवार. उशी म्हणजे मंगळवार.
मला हाक मारायची तरी मंगळवार,
आणि चाळीस वर्षांत इतक्या मायेनं
माझं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं.

माणसं यायची, जायची.
पांढरा कोट, निळा सदरा, हिरवा सदरा.
मी बटाट्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहू लागले
कोण कोण, आणि कशासाठी.

डॉक्टर काल्युवे, मेंदूचे.
पडद्यावर त्यांनी दाखवला
डाव्या बाजूला जर्दाळूएवढा काळोख.
"इथं रक्त पोचलं नाही.
गुठळी कुठून सुटली ते हृदयवाले शोधतील."
बोलेल कधी?
"ते सिर्येला विचारा."

सिर्ये वाचेची.
मला वाटलं, ही आता मुळाक्षरं गिरवून घेणार.
तिनं चमचाभर दाट केलेलं पाणी त्याच्या जिभेवर ठेवलं
आणि दोन बोटं गळ्याच्या घाटीवर.
"बोलणं नंतर. आधी घोट वाट चुकायला नको,
फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया."
चार दिवस कॉफीसुद्धा खळीसारखी.
मंगळवार! एंडेल म्हणाला.
ती शिवी होती, भाषांतराची गरज पडली नाही.

राइवो पायांचा. पट्टा धरून उभं करायचा,
गुडघ्याशी बोलायचा, जणू घोडाच आहे हट्टी.
आणि उजवा हात?
"खांदा माझ्याकडे. बोटं पिरेतकडे."

तेव्हा मी भडकले.
माणूस आहे तो, म्हटलं,
खाटकाच्या भिंतीवरचा तक्ता नव्हे!
राइवोनं पट्टा सोडला नाही.
"खरंय," एवढंच म्हणाला, "डावा पाय पुढे."

त्या रात्री झोप नव्हती.
एंडेल घरं ऊबदार ठेवणाऱ्या
विटांच्या भट्ट्या बांधायचा, सगळ्या जिल्ह्यात.
लोक फोन करायचे, धूर घरात येतोय.
हा जायचा, दारापाशी मेणबत्ती धरायचा,
ज्योत कुणीकडे झुकते बघायचा आणि म्हणायचा,
"भट्टी ठीक आहे. धुरांडेवाल्याला बोलवा."
अहो, तुम्हीच बघा ना जरा वर चढून!
"मी चढलो तर
त्याचंही काम बिघडेल आणि माझंही."
किती घरांतून असा शिव्या खाऊन आला होता.

पिरेतनं कुठं दुखतं ते विचारलं नाही.
तिनं मला विचारलं, सकाळी उठल्यावर
तो पहिलं काय करतो?
लाकडं आत आणतो. भट्टी पेटवतो.
दुसऱ्या दिवशी टेबलावर
बर्चच्या ढलप्या आणि काड्यापेटी.
एका हातानं काडी ओढायची कशी?
अर्धी पेटी जमिनीवर सांडली.
ती उचलायलाही तिनं मदत केली नाही.

मग हेली आली. मनाची.
पेशंट तिकडे आहे, मी म्हटलं.
तिनं तरीही खुर्ची माझ्याकडे ओढली.
वहीत तिच्या नावापुढे मी काही लिहिलेलं नाही.

गुरुवारी सगळे एका टेबलाभोवती,
एंडेल मधे, चाकाच्या खुर्चीत.
सिर्ये राइवोला म्हणाली, बसवताना हनुवटी जरा खाली,
घोट सोपा जातो.
पिरेत सिर्येला म्हणाली, काडी हातात असली
की त्याचे ओठ हलतात, बघ.
काल्युवे गप्प राहून टिपून घेत होते.
मी पहिल्यांदाच
त्यांना एकमेकांशी बोलताना पाहत होते.

नोव्हेंबरात घरी आलो.
पहिल्या सकाळी त्यानं पेटी गुडघ्यांत दाबली,
डाव्या हातानं काडी ओढली. विझली.
दुसरी मोडली.
तिसरीनं बर्चची साल धरली, धूर सरळ वर गेला.
डावा तळवा फरशांना लावून तो बसून राहिला,
फरशा तापायला वेळ लागतो.
मग माझ्याकडे वळून, स्पष्ट,
"बुधवार."

शनिवार होता.
मी वही शोधली.
सिर्येचा नंबर मागच्या पानावर होता,
बटाट्यांच्या हिशेबाखाली.